विणता येणं म्हणजे काय? : पहिल्या मफलरच्या निमित्ताने



आजचा विषय कळल्यावर काही श्रोत्यांनी विचारलं, की तत्त्वज्ञानाच्या व्याख्यानात मफलर कुठून आला? प्रश्न रास्त आहे. ज्ञान म्हणजे काय, याची चर्चा आम्ही तत्त्वज्ञानाची माणसं वर्षानुवर्षं करत आलो आहोत, आणि ती बहुतेक वेळा ‘समोर घट आहे’ किंवा ‘डोंगरावर धूर आहे, म्हणून तिथे अग्नी आहे’ अशा उदाहरणांवर. ही सगळी माहितीची उदाहरणं झाली. पण पोळी लाटणं, तबल्यावर बोल काढणं, लोकर विणणं, यांत जे असतं तेही ज्ञानच आहे की नाही? असेल, तर ते कोणत्या जातीचं?

म्हणून आज दोन कामं करायची आहेत. पहिलं, ज्याने आजवर सुई हातात धरलेली नाही त्याला साधा मफलर कसा विणायचा, हे जमेल तितकं नीट सांगायचं. दुसरं, इतकं नीट सांगूनही त्याला विणता का येणार नाही आणि मग ते येतं तरी कशाने, हे पाहायचं. सुया-लोकर घरात असेल तर घेऊनच बसा.

माहीत असणं आणि येणं

मराठीने इथे आपली मोठी सोय करून ठेवली आहे. ‘मला पोहण्याबद्दल माहीत आहे’ आणि ‘मला पोहता येतं’ ही दोन निराळी वाक्यं आहेत, हे चौथीतल्या मुलालाही समजतं. दुसऱ्या वाक्याची ठेवण बघा. पोहता ‘येतं’. झोप येते, पाहुणे येतात, तसं कौशल्यही येतं. त्याला बोलावता येतं, त्याच्यासाठी दार उघडं ठेवता येतं. हुकूम सोडून मात्र आणता येत नाही. भाषेने हे निरीक्षण कधीच करून ठेवलंय, आपण बोलताना त्याकडे लक्ष देत नाही इतकंच.

इंग्रजीत या दोन्हींसाठी ‘जाणणं’ हेच एक क्रियापद वापरतात. त्यामुळे तिकडे हा भेद वेगळा समजावून सांगावा लागला. ऑक्सफर्डचे गिल्बर्ट राईल यांनी ‘द कन्सेप्ट ऑफ माइंड’ या १९४९ सालच्या ग्रंथात ते काम केलं. समजूत अशी होती, की शहाणपणाने केलेली प्रत्येक कृती म्हणजे आधी मनात नियम आठवणं आणि मग त्याप्रमाणे हात हलवणं. राईल म्हणाले, नियम आठवणं हीसुद्धा एक कृतीच झाली की. तीही शहाणपणाने करता येते किंवा गबाळेपणाने. मग ती नीट करायला आणखी एक नियम हवा, त्याच्यासाठी आणखी एक. आपल्याकडे नैयायिक याला अनवस्था म्हणतात, म्हणजे कुठेच न थांबणारी माळ. ती थांबवायची, तर कुठेतरी हाताला नियमाशिवायच काम येत असलं पाहिजे.

हे डोक्यात ठेवा. आता लोकरीकडे येऊ.

विणलेलं कापड म्हणजे काय?

आपल्याकडची जुनी लोकरीची वस्तू म्हणजे घोंगडी. सनगर मंडळी दख्खनी मेंढीच्या लोकरीची घोंगडी मागावर विणतात. तिथे उभे धागे असतात आणि त्यांच्या खालून-वरून जाणारे आडवे धागे असतात. धोतर, साडी, सतरंजी, सगळ्यांचं तेच. दोन सुयांवरच्या विणकामाला मराठीत शब्द ‘विणणं’ हाच आहे, पण घडण पार वेगळी. इथे उभे-आडवे धागे नाहीतच. एकच धागा. त्याचा एक वेढा, त्या वेढ्यातून ओढून काढलेला दुसरा वेढा, त्यातून तिसरा. मफलर म्हणजे एकात एक अडकवलेल्या वेढ्यांच्या ओळी.

हे पाहायला मफलरही लागत नाही. अंगातला बनियन किंवा टी-शर्ट भिंगाखाली धरा. बाहेरच्या बाजूला इंग्रजी ‘व्ही’ अक्षरासारख्या खुणांच्या उभ्या रांगा दिसतील, आतल्या बाजूला बारीक आडवे उंचवटे. तेही विणलेलंच कापड आहे, फक्त यंत्रावरचं. असं यंत्र पहिल्यांदा इंग्लंडात विल्यम ली याने १५८९ साली मोज्यांसाठी केलं. आज आपला सुती बनियन बहुधा तिरुपूरहून येतो आणि लोकरीचा स्वेटर लुधियानाहून. जुन्या लोकांच्या तोंडचा ‘गंजीफ्रॉक’ हा शब्द ‘गर्न्सी फ्रॉक’वरून आला असं मानतात. गर्न्सी हे इंग्लिश खाडीतलं बेट, तिथल्या कोळ्यांच्या विणलेल्या बंड्यांसाठी प्रसिद्ध.

या घडणीतून दोन गुण आपोआप निघतात. मागावरच्या कापडात धागा जवळजवळ सरळ ताणलेला असतो, म्हणून ते फारसं ताणलं जात नाही. विणलेल्या कापडात धागा वेढ्यांत असतो. ओढलं की वेढे लांबट होतात, सोडलं की परत गोल. म्हणून मोजा पायावर चपखल बसतो. आणि दुसरा गुण असा, की या कापडात कुठेही पक्की गाठ नसते. शेवटचं टोक मोकळं करून ओढलं, की वेढ्यातून वेढा सुटत सगळं कापड पुन्हा धागा होतं. या दुसऱ्या गुणाकडे आपण परत येणार आहोत.

साहित्य

यावर फार वेळ घालवायला नको. लोकर मध्यम जाडीची, गुळगुळीत पिळाची आणि फिक्या रंगाची घ्या. काळ्या किंवा गर्द निळ्या लोकरीवर टाके दिसत नाहीत आणि नवशिक्याला टाके दिसणं सगळ्यांत महत्त्वाचं. केसाळ, मऊमऊ लोकर दुकानात हाताला फार गोड लागते, पण तिच्यात टाके हरवतात. दोनशे ग्रॅम पुरते. अक्रिलिक स्वस्त पडतं आणि धुवायला सोपं. खरी लोकर अधिक ऊबदार. शिकायला दोन्ही चालतील.

सुया ५ मिलिमीटरच्या घ्या. आपल्या दुकानांत अजून जुने ब्रिटिश नंबर चालतात, आणि त्यात नंबर वाढतो तशी सुई बारीक होते. ५ मिलिमीटर म्हणजे ६ नंबर, ४ मिलिमीटर म्हणजे ८ नंबर. धातूच्या सुयांवरून टाके सटासट घसरतात, म्हणून सुरुवातीला बांबूच्या किंवा लाकडाच्या बऱ्या. शिवाय एक कात्री, एक बोथट टोकाची मोठ्या नेढ्याची सुई आणि दोन सेफ्टी पिना. लोकर लडीच्या रूपात असेल तर आधी सैलसर गुंडा करून घ्या. त्यासाठी लड दोन्ही हातांवर ताणून धरणारं दुसरं माणूस लागतं. नातवंडं या कामाला उत्तम.

टाके घालणं

धाग्याच्या टोकाशी वीतभर शेपूट सोडून एक सरकती गाठ करा आणि ती डाव्या हातातल्या सुईवर चढवा. हा पहिला टाका. गाठ सुईवर सैल हवी, फास लागल्यासारखी नको.

आता उजव्या सुईचं टोक या टाक्यात पुढून मागे घाला, म्हणजे टाक्याच्या डाव्या अंगाने आत शिरून ते डाव्या सुईच्या मागे निघेल. गुंड्याकडून येणारा धागा मागच्या बाजूला ठेवा. तो उजव्या सुईच्या टोकाला खालून वर असा एक वळसा द्या. मग उजव्या सुईने तो वळसा टाक्यातून पुढे ओढून काढा. एक नवा वेढा उजव्या सुईवर आला. तो उचलून डाव्या सुईवर, जुन्या टाक्याशेजारी ठेवा. दोन टाके झाले. आता या नव्या टाक्यात तेच करा. असे तीस टाके होईपर्यंत.

टाके घालण्याच्या इतरही रीती आहेत आणि काही याहून वेगवान आहेत. आम्ही ही मुद्दाम सांगितली, कारण हिच्यात सुलट टाक्याची हालचाल आधीच दडलेली आहे. तीस टाके घालता घालता तुम्ही एकोणतीस वेळा विणून चुकता, फक्त तुम्हाला कोणी तसं सांगितलेलं नसतं.

सुलट टाका

सुलट टाका म्हणजे वरचीच कृती, शेवट बदलून. तीस टाक्यांची सुई डाव्या हातात, रिकामी उजव्या हातात. चार शब्द लक्षात ठेवा: आत, वळसा, बाहेर, सोड. सुई टाक्यात आत. धाग्याचा वळसा. वळसा घेऊन बाहेर. आणि आता नवा वेढा डाव्या सुईवर ठेवायचा नाही. तो उजव्या सुईवरच राहू द्यायचा आणि जुना टाका डाव्या सुईवरून सोडून द्यायचा. जुना टाका पडत नाही, कारण त्याच्या पोटातून नवा वेढा गेलेला आहे आणि तो सुईवर आहे.

हा ‘सोड’ सगळ्यांत अवघड. नवशिक्याचा जीव इथे खालीवर होतो. टाका सोडला तर सगळं सुटेल असं वाटतं आणि माणूस सुई गच्च धरतो, धागा आवळतो. आवळलेल्या टाक्यात पुढच्या ओळीला सुई शिरत नाही, मग जोर लावावा लागतो, मग आणखी आवळलं जातं. यावर उपाय सांगायला सोपा: टाका सुईच्या निमुळत्या टोकावर न करता सुईच्या पूर्ण जाडीवर सरकू द्यावा आणि खांदे खाली सोडावेत. करायला मात्र दोन-तीन दिवस लागतात.

ओळ संपली की सगळे टाके उजव्या सुईवर आलेले असतील. आता सुयांची अदलाबदल करायची. भरलेली डाव्या हातात, रिकामी उजव्या हातात. आणि पुन्हा सगळे टाके सुलट. उलट टाका हे सुलट टाक्याचंच मागून दिसणारं रूप आहे. तो पहिल्या मफलरला लागत नाही. आपण दर ओळीला कापड फिरवतो, त्यामुळे एका ओळीचे वेढे या बाजूला ओढले जातात, पुढच्या ओळीचे त्या बाजूला. दोन्ही बाजूंना शेतातल्या सरी-वरंब्यासारखे आडवे उंचवटे येतात, आणि ओढ दोन्हीकडे सारखी असल्याने कापड सपाट राहतं. एक ओळ सुलट, एक ओळ उलट अशी गुळगुळीत वीण घेतली तर मफलरच्या कडा गुंडाळल्या जाऊन त्याची सुरळी होते. हौसेने गुळगुळीत विणीने सुरुवात करणाऱ्यांना हे फार उशिरा कळतं.

थोडं गणित

मध्यम जाडीच्या लोकरीचे ५ मिलिमीटरच्या सुयांवर तीस टाके म्हणजे साधारण १७-१८ सेंटिमीटर रुंदी. प्रत्येकाचा हात निराळा, त्यामुळे थोडं इकडेतिकडे होईल. दीड मीटर लांबीला सुमारे ५०० ओळी, म्हणजे २५० वरंबे. पाचशे गुणिले तीस, म्हणजे १५,००० टाके. नवशिक्याचे मिनिटाला पंधरा टाके धरले तर हजार मिनिटं, म्हणजे जवळजवळ सतरा तास. रोज अर्धा तास बसलं तर महिन्याभराहून थोडे अधिक दिवस.

हा आकडा ऐकून काही जण सुया खाली ठेवतील. आमचं म्हणणं, मफलरच्या खालोखाल महत्त्वाची वस्तू म्हणजे हा आकडाच आहे. पण त्याआधी चुकांबद्दल.

आपलं विणकाम वाचणं

नवशिक्याला वाटतं, शिकायचं आहे ते हाताने करायचं. वस्तुतः अर्धं शिकणं डोळ्यांचं असतं. सुईवर टाका कसा बसलाय, खालचा वरंबा कुठे आहे, धागा कुठून येतोय, हे ज्याला दिसतं त्याला सूचना लागत नाहीत. ज्याला दिसत नाही त्याला कितीही सूचना द्या, कमीच.

तीन गोष्टी वाचायला शिका. एक, प्रत्येक टाका सुईवर घोड्यावर मांड टाकून बसल्यासारखा असतो, एक पाय पुढे, एक मागे. आपल्याकडचा पाय उजवीकडे झुकलेला असला की टाका नीट बसलाय. दोन, गुंड्याकडे जाणारा धागा ओळीच्या मध्ये थांबलं तर उजव्या सुईला लोंबत असायला हवा. मध्येच दाराची बेल वाजली, विणकाम खाली ठेवलं आणि परत येऊन चुकीच्या दिशेने सुरुवात केली, हे सर्रास होतं. धागा कोणत्या सुईला आहे एवढं पाहिलं की उलगडा होतो. तीन, दर दोन ओळींनी टाके मोजा. तीसच हवेत.

तिसाचे चौतीस झाले, तर बहुतेक वेळा कारण कडेला सापडतं. ओळीच्या सुरुवातीला धागा सुईवरून मागे टाकला जातो, त्यामुळे पहिला टाका वर ओढला जाऊन दोन टाक्यांसारखा दिसतो आणि आपण दोन्ही विणतो. धागा सुईच्या खालून मागे न्या, पहिला टाका एकच दिसेल. मध्येच टाका वाढला असेल, तर धागा चुकून पुढे येऊन सुईवरून गेलाय. तिसाचे एकोणतीस झाले, तर कुठेतरी टाका निसटलाय. घाबरून ओढाताण करू नका. तो खाली एकदम पळत नाही. त्याला सेफ्टी पिनेत अडकवून ठेवा, मग शांतपणे ठरवा.

काय ठरवायचं? तर उसवायचं की नाही.

उसवणं

इथे जरा थांबू. तर्कसंग्रह हा अन्नंभट्टांचा सतराव्या शतकातला ग्रंथ न्यायशास्त्राचा पहिला धडा म्हणून आजही शिकवतात. त्यात कारणाचे तीन प्रकार कापडाच्या उदाहरणाने सांगितले आहेत. धागे हे कापडाचं समवायी कारण, म्हणजे ज्यात ते राहतं ते. धाग्यांचा संयोग हे असमवायी कारण. आणि माग वगैरे उपकरणं हे निमित्त कारण. शतकानुशतकं आपल्या पंडितांनी तंतू आणि पट यांवर वाद केले. मफलर त्यांच्यासमोर ठेवला असता तर चांगला पेच पडला असता. संयोगाला दोन वस्तू लागतात; इथे धागा एकच, तो स्वतःशीच अडकलेला. नैयायिक हार मानणारा नव्हे. तो म्हणाला असता, धागाही अनेक अंशूंचा, म्हणजे तंतूच्या बारीक अवयवांचा असतो, त्यांचा संयोग मोजा. ते असो.

पण मफलरचा दुसरा गुण या चर्चेतून स्वच्छ दिसतो. घट फुटला तर खापऱ्या उरतात, त्यांची माती परत मिळत नाही. लाकूड चुकीचं कापलं तर गेलं. पोळी करपली तर कणीक परत येत नाही. विणकामात संयोग तेवढा मोडतो, समवायी कारण जसंच्या तसं हातात येतं. सगळी लोकर परत. शिवाय ते उलट्या क्रमाने येतं. शेवटचा टाका आधी सुटतो, पहिला सगळ्यांत शेवटी. चूक जिथे आहे तिथपर्यंत माघारी जाता येतं आणि तिच्याआधीचं सगळं शाबूत राहतं. ही सोय फार थोड्या उद्योगांत आहे.

म्हणून नियम सोपा करतो. चूक याच ओळीत असेल तर एकेक टाका मागे घेत जा: डाव्या सुईने खालचा वेढा उचला, वरचा सोडा, धागा हलकेच ओढा. चूक चार-सहा ओळी खाली असेल तर सुई काढून घ्या, तिथपर्यंत उसवा आणि मोकळे टाके पुन्हा सुईवर चढवा. आणि चूक चाळीस ओळी खाली असेल, लहानशी असेल, टाका निसटलेला नसेल, तर सोडून द्या. गळ्यात घातल्यावर ती कोणालाही दिसत नाही.

आपल्याकडे घरोघरी जुने स्वेटर उसवून, लोकर धुऊन, लड ताणून वाळवून धाकट्या भावंडाला नवा स्वेटर विणण्याची रीत होती. उसवलेली लोकर पाहिलीय तुम्ही? ती सरळ नसते, कुरळी असते. जितकी वर्षं वेढ्यात राहिली, तितकी ती वेढा विसरत नाही. म्हणून तर ओली करून, खाली वजन बांधून ताणायची.

लोकरीचा संस्कार, हाताचा संस्कार

आणि आता आजच्या मुख्य मुद्द्यावर येऊ. न्याय-वैशेषिकांनी ‘संस्कार’ नावाचा एक गुण मानलाय आणि त्याचे तीन प्रकार केलेत. वेग, भावना आणि स्थितिस्थापक. वेग म्हणजे सुटलेल्या बाणात असतो तो. स्थितिस्थापक म्हणजे वाकवलेली फांदी सोडल्यावर तिला पूर्वस्थितीत आणणारा गुण, आजच्या भाषेत लवचिकता. आणि भावना म्हणजे अनुभवाचा आत्म्यावर राहिलेला ठसा, ज्यातून पुढे स्मरण होतं.

विद्यार्थ्यांना हे वर्गीकरण विचित्र वाटतं. फांदीची लवचिकता आणि माणसाची आठवण एका खणात कशी? विणकाम करून पाहिलं की तितकं विचित्र वाटत नाही. मफलर ताणून सोडला की परत येतो, उसवलेली लोकर कुरळी राहते. आणि दोन हजार टाक्यांनंतर हात ‘आत, वळसा, बाहेर, सोड’ न म्हणता चालू लागतो. दोन्हीकडे झाल्या गोष्टीचा काहीतरी अंश मागे उरतो आणि पुढच्या हालचालीला वळण देतो. शास्त्रकारांनी भावना आत्म्याची मानली, हाताची नव्हे, हे आम्हाला ठाऊक आहे. पण इथे उपयोगी पडण्यापुरतं साम्य पुरेसं आहे.

हा ठसा पक्का कशाने होतो? वैशेषिकांचे भाष्यकार प्रशस्तपाद तीन गोष्टी सांगतात: पटु, अभ्यास आणि आदर. पटु म्हणजे अनुभव ठसठशीत हवा. अभ्यास म्हणजे तो पुन्हा पुन्हा यायला हवा. आदर म्हणजे त्याकडे आस्थेने लक्ष हवं. आता आपला मफलर यात बसवून पाहा. जाड सुया, फिकी लोकर, मोठे टाके कशाला? अनुभव ठसठशीत व्हावा म्हणून. पंधरा हजार वेळा एकच टाका कशाला? अभ्यासासाठी. दर दोन ओळींनी मोजणं, आपलं विणकाम वाचणं, चूक दिसली की माघारी जाणं कशासाठी? तो आदर. तिन्हींतलं एक काढलं की येणं लांबतं. नुसता अभ्यास केला आणि आदर नसला, तर चूकच पक्की होते. वर्षानुवर्षं चुकीच्या ताणाने विणणारे हात असतात.

म्हणून पहिल्या मफलरमध्ये नक्षी नको, रंगांच्या पट्ट्या नकोत, असं आम्ही म्हणतो. कंटाळवाणं वाटेल इतकं ते साधं हवं. अ‍ॅरिस्टॉटलने नीतिशास्त्रात सांगितलं, की घर बांधून बांधून माणूस गवंडी होतो आणि न्यायाने वागून वागून न्यायी. त्याने हस्तकौशल्याचं उदाहरण सद्गुणासाठी वापरलं, हे आम्हाला महत्त्वाचं वाटतं.

आणि इथे एक गोष्ट स्पष्ट बोलायला हवी. कापडाचं उदाहरण पंडितांनी घेतलं, पण मागावर बसलेल्या माणसाला वादसभेत कोणी बोलावलं नाही. आमच्या लहानपणी शाळेत विणकाम मुलींना असे, मुलांना नसे, आणि त्याला विद्या कोणी म्हणत नसे. ‘घरात बसल्या बसल्या काहीतरी विणते’ असं ज्या बायकांबद्दल म्हटलं गेलं, त्या मापं न लिहिता बाहीचा उतार काढत होत्या, टाके कमी-जास्त करून गोल गळा सपाट कापडातून उभा करत होत्या. तो हिशोब डोक्यात आणि हातात मिळून चाले. आम्ही ज्ञानाची व्याख्या करायला बसलो तेव्हा हे खिजगणतीतही नव्हतं. त्यामुळे आमची व्याख्या तोकडी राहिली, त्यांचं विणकाम नव्हे.

शेवट कसा करायचा

मफलर पुरेसा लांब झाला, आणि हाताएवढ्या दोन लांब्या तरी लोकर उरली असेल, की टाके बंद करायचे. दोन टाके सुलट विणा. उजव्या सुईवरच्या दोनांपैकी आधीचा टाका डाव्या सुईच्या टोकाने उचलून नंतरच्या टाक्यावरून पलीकडे टाका. एक उरला. आणखी एक विणा, पुन्हा आधीचा त्याच्यावरून टाका. असं ओळभर. हात सैल ठेवा, नाहीतर शेवटची कड आवळून मफलर त्या टोकाला अरुंद होतो. शेवटचा एक टाका उरला की वीतभर धागा ठेवून कापा आणि तो त्या टाक्यातून ओढून घ्या. टोकं बोथट सुईने वरंब्यांमध्ये चार-पाच बोटं आत-बाहेर ओवून दडवा. गाठ मारायची गरज नाही.

खऱ्या लोकरीचा मफलर कोमट पाण्यात, न चोळता, न पिळता धुवा आणि आडवा पसरून वाळवा. लोकरीच्या केसाला सूक्ष्म खवले असतात. गरम पाण्यात चोळलं की ते एकमेकांत अडकतात आणि मफलर आटून जाड नमदा होतो. तेवढं एक मात्र उसवता येत नाही.

श्रोत्यांचे काही प्रश्न

*व्हिडिओ पाहून शिकता येईल का?*

येईल, आणि शब्दांपेक्षा लवकर येईल. आमचं आजचं बोलणं त्याच्यापुढे लंगडंच. पण एक फरक ध्यानात घ्या. व्हिडिओत तुम्हाला दुसऱ्याचा हात दिसतो; तुमचा हात कोणाला दिसत नाही. शिकवणाऱ्या माणसाचं खरं काम दाखवणं थोडं आणि पाहणं जास्त. ‘अहो, धागा पुढे आलाय’ एवढे चार शब्द योग्य क्षणी कोणी म्हणालं तर आठवडा वाचतो. शेजारी विणणारी एखादी काकू-आजी असेल तर संकोच न करता जाऊन बसा.

*डावखुऱ्यांनी काय करावं?*

विणकामात दोन्ही हात कामाला असतात, म्हणून आधी नेहमीच्या रीतीने आठवडाभर करून पाहा. बऱ्याच जणांना जमतं. धागा उजव्या हातात न धरता डाव्या हाताच्या बोटावर घेऊन विणण्याचीही एक रीत आहे. ती डावखुऱ्यांना सोयीची पडते.

*या वयात शिकून काय उपयोग?*

हा प्रश्न तीन जणांनी विचारला, आणि तिघेही आमच्याच वयाचे असावेत असं वाटतं. सत्तरीनंतर माणसाला सगळ्यांत कमी मिळणारी गोष्ट म्हणजे नवशिकं असणं. सगळे आपल्याला जाणकार समजतात, आपणही समजतो. मग जे येतं तेवढंच करत राहायचं, आणि तेही हळूहळू कमी होत जातं. तीस टाके घातलेली सुई हातात घेतली की पदवी, अनुभव, वय, काही उपयोगाचं नसतं. नवा संस्कार पडायला लागतो तो असा. वेळ तरुणांपेक्षा जास्त लागेल. लागू द्या. हात दुखेपर्यंत बसू नका, वीस-पंचवीस मिनिटांनी सुया खाली ठेवा. मात्र ओळ पूर्ण करून.

*पहिला मफलर वाकडातिकडा झाला तर?*

होणारच. सुरुवातीची वीतभर आवळलेली, मधली सैल, शेवटची बरी, असाच तो असतो. त्याच्यावर तुमचं शिकणं टाक्या-टाक्याने उमटलेलं असतं. तो कोणाला भेट देऊ नका, स्वतःच घाला. पहाटे फिरायला जाताना थंडी त्याच्या कडा मोजत नाही.

पुढच्या वेळेपर्यंत एवढंच करा: तीस टाके घाला, वीस ओळी विणा, दर दोन ओळींनी मोजा, आणि मग ते सगळं एकदा मुद्दाम उसवून पुन्हा टाके घाला. त्या दुसऱ्या वेळेला हाताला काय वेगळं वाटतं ते लक्षात ठेवा. आपण तिथूनच पुढे बोलू.